अंतराळातल्या कॉम्प्युटरवर पैसे लावण्याआधी

प्रश्न असा आहे. हिंजवडीत आयटीत नोकरी करणाऱ्या एका वाचकाकडे घरकर्जाचे हप्ते, विमा आणि मुलीच्या शिक्षणाची तरतूद करून 15 लाख रुपये उरले आहेत. दहा वर्षं तरी त्यांना हात लावायची गरज पडणार नाही. अंतराळात डेटा सेंटर होणार अशा बातम्या वाचून त्यांना वाटतंय की सुरुवातीलाच आत शिरावं. एका दलालाने अंतराळ क्षेत्रातल्या एका कंपनीचे अनलिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात न नोंदलेले, शेअरही सुचवले आहेत. पैसे अंतराळात लावू की एकूण कॉम्प्युटर उद्योगात, आणि कोणत्या मार्गाने, हे त्यांना हवंय.

उत्तर आधी सांगतो, कारणं मग. 15 लाखांपैकी अंतराळाच्या नावावर दीड लाखाच्या वर जाऊ नका. बाकीचे जमिनीवरच्या कॉम्प्युटर उद्योगात, तेही टप्प्याटप्प्याने आणि शक्यतो फंडातून. अंतराळाचा दीड लाख लावतानाही जमिनीवरचं डेटा सेंटर वर नेऊ म्हणणारी कंपनी शोधू नका; जिचं गिऱ्हाईक आज पैसे देतंय ती शोधा. माझं काम कंपन्यांचे ताळेबंद वाचण्याचं आहे, रॉकेट बनवण्याचं नाही. पण या विषयात बारावीचं भौतिकशास्त्र आणि साधी आकडेमोड केली तरी बरंच काही उलगडतं, आणि ती तुम्हीही घरी करू शकता.

अंतराळातलं कॉम्प्युटिंग या एका नावाखाली दोन वेगळे धंदे चालू आहेत. एकात अंतराळातच तयार होणाऱ्या डेटावर तिथल्या तिथे प्रक्रिया करतात. दुसऱ्यात जमिनीवरचं काम, म्हणजे एआयची मॉडेलं शिकवणं आणि चालवणं, वर नेऊन करायचा बेत आहे. बातम्या येतात त्या दुसऱ्या धंद्याच्या. बिलं निघतात ती पहिल्यात.

पहिल्याचं साधं उदाहरण म्हणजे युरोपियन स्पेस एजन्सीचा फायसॅट-1. 3 सप्टेंबर 2020 रोजी हा लहानसा उपग्रह इंटेलची मिरियड 2 नावाची चिप घेऊन वर गेला. चिपचं काम एकच होतं: काढलेल्या फोटोंतले ढगांनी झाकलेले फोटो ओळखायचे आणि तिथेच टाकून द्यायचे. पृथ्वीचा सुमारे दोन-तृतीयांश भाग कोणत्याही क्षणी ढगांखाली असतो. खालच्या कक्षेतला उपग्रह एका ग्राउंड स्टेशनला एका फेरीत जेमतेम दहा मिनिटं दिसतो. त्या मोजक्या मिनिटांत ढगांचे फोटो खाली उतरवणं परवडत नाही, म्हणून निवड वरच करायची.

आपल्याकडे हे खरिपात जाणवतं. जून ते सप्टेंबर साध्या प्रकाशात फोटो काढणारे उपग्रह विदर्भ-मराठवाड्यावरून जातात, पण ढगांखालचं सोयाबीन त्यांना दिसत नाही. तिथे रडार लागतं. नासा आणि इस्रोचा निसार उपग्रह 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोट्याहून गेला, तो रडारचाच. रडारचा कच्चा डेटा फार जड असतो आणि त्यातून 'या शिवारात पाणी साचलंय' एवढं एक वाक्य काढायला भरपूर गणित करावं लागतं. पूर असो, वणवा असो, समुद्रातलं संशयास्पद जहाज असो, उत्तर अर्ध्या तासात मिळालं तर त्याला भाव आहे, दुसऱ्या दिवशी मिळालं तर नाही. संरक्षण खाती, सरकारं, विमा कंपन्या ही गिऱ्हाइकं त्या वेगासाठी पैसे मोजतात. चीनने याच दिशेने 14 मे 2025 रोजी जिउच्वानहून 12 उपग्रह एकदम सोडले. प्रत्येकाची क्षमता सेकंदाला 744 लाख कोटी क्रियांची, एकमेकांशी लेझरने जोडलेले, आणि पुढचा बेत 2,800 उपग्रहांचा.

आता दुसरा धंदा. नोव्हेंबर 2025मध्ये अमेरिकेतल्या स्टारक्लाउड या नवउद्योगाने सुमारे 60 किलोच्या उपग्रहात एनव्हिडियाची एआयसाठीची एच100 चिप वर पाठवली आणि तिच्यावर गूगलचं जेमा मॉडेल चालवून दाखवलं. त्याच महिन्यात गूगलने सनकॅचर प्रकल्प जाहीर केला. प्लॅनेट लॅब्ज या उपग्रह कंपनीबरोबर दोन चाचणी उपग्रह 2027च्या सुरुवातीपर्यंत पाठवायचे आहेत. जानेवारी 2026मध्ये स्पेसएक्सने एफसीसी या अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाकडे थेट दहा लाखांपर्यंत उपग्रहांची परवानगी मागितली. हे प्रयोग गंभीर माणसांचे आहेत आणि मी ते हसण्यावारी नेत नाही. पण यातून गुंतवणूकदाराला परतावा कधी आणि कसा मिळेल, हे वेगळं तपासावं लागतं.

समर्थक पहिला मुद्दा मांडतात तो फुकट विजेचा. पृथ्वीवरच्या दिवस-रात्रीच्या सीमारेषेवरून फिरणाऱ्या कक्षेत ऊन जवळपास अखंड मिळतं. गूगलच्या म्हणण्यानुसार तिथलं सौर पॅनल जमिनीवरच्यापेक्षा आठपटीपर्यंत जास्त वीज देऊ शकतं. ठीक. पण एआयच्या डेटा सेंटरमध्ये विजेचं बिल एकूण खर्चाच्या किती असतं? एनव्हिडियाच्या जेन्सन ह्वांग यांनी ऑगस्ट 2025मध्ये सांगितलं की एक गिगावॅटचं एआय डेटा सेंटर उभारायला 50 ते 60 अब्ज डॉलर लागतात. डॉलर 90 रुपयांचा धरला तर खालचा आकडाच साडेचार लाख कोटी रुपये होतो. आता एक गिगावॅट वर्षभर अखंड चालवा: 876 कोटी युनिट. युनिटला 8 रुपये धरा: वर्षाला 7,000 कोटी. पाच वर्षांत 35,000 कोटी. म्हणजे वीज पूर्ण फुकट मिळाली तरी बचत उभारणीच्या खर्चाच्या आठ टक्क्यांच्या आसपास. उरलेला खर्च मुख्यतः चिपांचा, आणि त्या वर नेल्याने स्वस्त होत नाहीत.

म्हणून फुकट वीज हे वर जाण्याचं खरं कारण नाही. खरं कारण आहे रांग. अमेरिकेत मोठ्या डेटा सेंटरला ग्रिडची जोडणी मिळायला वर्षं लागतात, गॅस टर्बाइनच्या ऑर्डरी आधीच भरल्या आहेत, ट्रान्सफॉर्मर वेळेवर मिळत नाहीत, गावकरी विरोध करतात. अंतराळात ही रांग नाही. हा मुद्दा मला पटतो, आणि त्यातून गुंतवणुकीचा एक धागाही मिळतो: ज्या टंचाईमुळे लोक आकाशाकडे बघू लागले, ती टंचाई आज भागवणाऱ्या कंपन्या जमिनीवर आहेत. त्याकडे पुढे येतो.

दुसरा अडथळा उष्णतेचा. अंतराळ थंड आहे म्हणून कूलिंग फुकट, हे वाक्य तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. ते सरळ चूक आहे. वर हवा नाही, पाणी नाही. उष्णता फक्त किरणांच्या रूपाने बाहेर टाकता येते. 60 अंश सेल्सियस तापमानाचा एक चौरस मीटर पृष्ठभाग आदर्श स्थितीत एका बाजूने सुमारे 700 वॅट फेकतो, म्हणजे एका एच100 चिपची उष्णता. खरा रेडिएटर त्याहून थोडं कमी फेकतो. एनव्हिडियाचा आजचा 72 चिपांचा एक रॅक 120 किलोवॅटच्या आसपास खातो. त्याला दोन्ही बाजूंनी उष्णता फेकणारा रेडिएटर द्यायचा तर जवळपास शंभर चौरस मीटर लागेल, एका बॅडमिंटन कोर्टापेक्षा मोठा. त्याच रॅकला वीज पुरवायला 300 चौरस मीटरच्या आसपास सौर पॅनल. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या बाहेरच्या मुख्य शीतकरण यंत्रणेची क्षमता 70 किलोवॅट आहे. म्हणजे आजचा एकच रॅक त्या अख्ख्या यंत्रणेला झेपणार नाही.

यावरून 'अशक्य' असा निष्कर्ष काढू नका. पॅनलपेक्षा रेडिएटर लहानच लागतो, हे वरच्याच हिशेबात दिसतं. भौतिकशास्त्र आड येत नाही, वजन येतं. प्रत्येक चौरस मीटरला किलो आहेत, आणि प्रत्येक किलोला भाडं आहे. स्पेसएक्सच्या फाल्कन 9 रॉकेटवर जागा घेतली तर आज किलोला काही हजार डॉलर मोजावे लागतात. छोट्या उपग्रहांच्या सामायिक उड्डाणात हा भाव साडेसहा-सात हजारांच्या घरात आहे. गूगलच्या अभ्यासानुसार 2030च्या दशकाच्या मध्यापर्यंत तो किलोला 200 डॉलरवर आला, तर वर नेण्याचा खर्च जमिनीवरच्या विजेच्या खर्चाशी तुलना करण्याजोगा होईल. भाव तीसेक पटींनी पडायला हवा. स्पेसएक्सचं नवं महाकाय रॉकेट स्टारशिप पूर्णपणे पुन्हा वापरता आलं, वारंवार उडालं, आणि मालकाने ती बचत स्वतःच्या खिशात न घालता गिऱ्हाइकाला दिली, तर. यातला शेवटचा 'तर' लोक विसरतात. ज्याच्या हाती रॉकेट आहे तोच स्वतःचं डेटा सेंटर वर नेणार असेल, तर बाकीच्या कंपन्यांना तो स्वस्त भाडं का देईल?

किरणोत्सर्गाबद्दल मात्र मी पूर्वीपेक्षा आशावादी आहे. गूगलने आपल्या टीपीयू चिपा प्रोटॉनच्या झोतात ठेवून पाहिल्या. सगळ्यात नाजूक भाग निघाला तो मेमरीचा, पण तिथेही गडबड सुरू झाली ती पाच वर्षांत अपेक्षित असलेल्या मात्रेच्या जवळपास तिपटीला. 2017मध्ये एचपीई या अमेरिकी कॉम्प्युटर कंपनीने बाजारात मिळणारा साधा सर्व्हर अंतराळ स्थानकावर पाठवला होता. तो चालला, पण डेटा साठवणाऱ्या 20 एसएसडींपैकी 9 निकामी झाल्या. जमिनीवर एसएसडी गेली तर रात्रपाळीचा मुलगा ट्रे ओढतो आणि पाच मिनिटांत बदलतो. वर कोण बदलणार? त्यामुळे जादा सुटे भाग आधीच घेऊन जायचे, म्हणजे पुन्हा वजन.

आणि घसारा, म्हणजे यंत्राची किंमत दरवर्षी हिशेबात किती घटते ते. जमिनीवरसुद्धा चिपचं आयुष्य किती धरायचं यावर एकमत नाही. 2025च्या सुरुवातीला अ‍ॅमेझॉनने आपल्या काही सर्व्हरांचं हिशेबी आयुष्य सहावरून पाच वर्षांवर आणलं, तर मेटाने आपलं वाढवून साडेपाच केलं. एकच उद्योग, एकच वर्ष, उलट निर्णय. जमिनीवर जुनी चिप काढून त्याच इमारतीत, त्याच विजेवर नवी बसवता येते. उपग्रहात चिप जुनी झाली की पॅनल, रेडिएटर, लेझर सगळंच तिच्याबरोबर जातं. अशी कंपनी बाजारात आली तर पहिल्या दिवशी तिच्या हिशेबातली घसाऱ्याची टीप उघडा. तिथे सात-आठ वर्षं धरलेली दिसली तर नफ्याच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

तंत्रज्ञान चालतं आणि भागधारक बुडतो, असं अंतराळात आधी घडलेलं आहे. सॅटेलाइट फोनवाल्या इरिडियमने 66 उपग्रहांचं जाळं उभारायला सुमारे 5 अब्ज डॉलर घातले. नोव्हेंबर 1998मध्ये सेवा सुरू झाली, ऑगस्ट 1999मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. नव्या मालकांनी ते अख्खं जाळं जेमतेम 2.5 कोटी डॉलरला घेतलं. उपग्रह उत्तम होते. तीच सेवा पुढे नफ्यात आली आणि आज इरिडियम नॅसडॅकवर नोंदलेली कंपनी आहे. पैसा कमावला तो दुसऱ्या मालकांनी.

तुम्ही म्हणाल, मग थेट उपग्रहवाल्यांना सोडून त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्यांत पैसे घालू. दिशा बरोबर आहे, पण तिथेही सांभाळून. उपग्रहांना एकमेकांशी जोडणाऱ्या लेझर उपकरणांशिवाय यातलं काहीच चालणार नाही. जर्मनीतली मायनेरिक हीच उपकरणं बनवते. मागणी होती, मोठी गिऱ्हाइकं होती, पण उत्पादन वेळेवर आणि दर्जाने निघेना. शेवटी कर्जाच्या पुनर्रचनेत जुन्या भागधारकांचं भांडवल शून्यावर आणलं गेलं, मोबदला काही नाही, आणि मार्च 2025मध्ये रॉकेट आणि उपग्रह बनवणाऱ्या रॉकेट लॅबने ती घेण्याचा इरादा जाहीर केला. त्याच रॉकेट लॅबचा शेअर 2024च्या पूर्वार्धात चार डॉलरच्या आसपास पडून होता आणि पुढच्या दीड वर्षात दसपटीहून जास्त चढला. एका कंपनीचे भागधारक धुऊन निघाले, दुसरीचे श्रीमंत झाले, आणि दोघींच्या सादरीकरणांतली बाजारपेठेची स्वप्नं एकसारखीच होती. फरक होता माल बनवून वेळेवर देण्याच्या क्षमतेत.

भारतात काय आहे? धोरण चांगलं आहे. 2020मध्ये खासगी अंतराळ कंपन्यांना परवानगी देणारं इन-स्पेस स्थापन झालं, 2023मध्ये अंतराळ धोरण आलं, एप्रिल 2024पासून उपग्रह बनवण्यात आणि चालवण्यात 74 टक्के, प्रक्षेपकांत 49 टक्के आणि सुट्या भागांत 100 टक्के परकीय गुंतवणूक थेट मार्गाने खुली झाली. ऑक्टोबर 2024मध्ये केंद्राने अंतराळ उद्योगांसाठी 1,000 कोटींचा व्हेंचर फंड मंजूर केला. हैदराबादच्या टेकमीटूस्पेसने उपग्रहावरची एआय प्रयोगशाळा डिसेंबर 2024मध्ये इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्यावर बसवून चालवली. त्यांचा स्वतंत्र उपग्रह 12 जानेवारी 2026च्या पीएसएलव्ही-सी62 उड्डाणात होता. तिसऱ्या टप्प्यात बिघाड झाला आणि सगळे उपग्रह गेले. त्याआधीचं, 18 मे 2025चं सी61 उड्डाणही तिसऱ्या टप्प्यातच फसलं होतं. तरुणांनी वर्षानुवर्षं खपून केलेलं काम असं काही मिनिटांत जातं तेव्हा वाईट वाटतं. गुंतवणूकदार म्हणून मात्र दोन गोष्टी विचारायच्या: विमा होता का, आणि दुसरा उपग्रह बनवण्याइतके पैसे बँकेत आहेत का? ज्या कंपनीचं अस्तित्व एका उड्डाणावर टांगलेलं आहे, तिच्यात किरकोळ गुंतवणूकदाराने पडू नये.

आपल्या शेअर बाजारात 'अंतराळ कंपनी' म्हणून खपणारे शेअर खरे कशावर चालतात ते पाहिलंत तर आश्चर्य वाटेल. हैदराबादची एमटीएआर घ्या. इस्रोसाठी इंजिनाचे भाग बनवते, म्हणून लोक तिला अंतराळ कंपनी समजतात. पण तिच्या विक्रीचा मोठा भाग अमेरिकेतल्या ब्लूम एनर्जीच्या इंधन-घटांच्या (फ्युएल सेल, जागेवरच वीज बनवणारी यंत्रं) सुट्या भागांतून येतो, आणि ब्लूमची गिऱ्हाइकं कोण? ग्रिडची वाट न बघता वीज हवी असणारी डेटा सेंटरं. म्हणजे अंतराळ समजून घेतलेला शेअर प्रत्यक्षात जमिनीवरच्या टंचाईवर पळतो. नवी मुंबईतली पारस डिफेन्स अंतराळातल्या कॅमेऱ्यांसाठी आरसे आणि भिंगं बनवते, पण तिचा कणा संरक्षण खात्याच्या ऑर्डरींचा आहे. 2021मध्ये तिच्या आयपीओला 304 पट मागणी आली होती, 175चा शेअर पहिल्या दिवशी 475च्या आसपास उघडला. त्या दिवशी उत्साहात बाजारातून घेणारा आणि आयपीओत मिळालेला, या दोघांच्या नशिबात जमीन-अस्मानाचा फरक. इंदापूर तालुक्यातली वालचंदनगर इंडस्ट्रीज पीएसएलव्हीच्या मोटरांची आवरणं कित्येक वर्षं बनवते आहे. कौशल्य वादातीत, पण भागधारकांचं भवितव्य ठरवलं ते कर्जाने आणि इतर धंद्यांनी. विक्रोळीत इस्रोच्या रॉकेटांची विकास इंजिनं बनवणाऱ्या गोदरेजचा तो व्यवसाय तर बाजारात नोंदलेलाच नाही. ही नावं उदाहरणादाखल आहेत, खरेदीची शिफारस म्हणून नाहीत.

भोसरीच्या एमआयडीसीत अशाच एका न नोंदलेल्या, लहान कारखान्यात मी गेलो होतो. मालकाने तळहातावर मावेल एवढा टायटॅनियमचा कंस हातात दिला आणि शेजारी त्याची फाइल ठेवली. धातू कोणत्या वितळणीतला, त्याचं प्रमाणपत्र, प्रत्येक टप्प्यावरचं मोजमाप, कोणी तपासलं त्याची सही. कंसापेक्षा फाइल जाड. असे नग वर्षाला मोजकेच जातात. मशीनचा बाकीचा वेळ हाडांच्या शस्त्रक्रियेतल्या प्लेट आणि स्क्रूंवर चालतो, पगार त्यातून निघतात. पुरवठादार म्हणून मंजुरी मिळायला बराच काळ गेला, पण एकदा मिळाल्यावर गिऱ्हाईक सहसा सोडून जात नाही, कारण नव्या पुरवठादाराला पुन्हा तीच परीक्षा घ्यावी लागते. अंतराळातली टिकाऊ कंपनी बहुतेक अशी दिसते: एक पाय वर, एक पाय जमिनीवर. ताळेबंदात त्यासाठी तीन गोष्टी शोधा: अंतराळाशिवायची विक्री किती, येणी किती दिवसांची, आणि खेळतं भांडवल कर्जावर चालतं की स्वतःच्या नफ्यावर. ऑर्डर बुकचा मोठा आकडा सगळे छापतात. ती ऑर्डर रोख पैशात यायला किती महिने लागतात ते कोणी छापत नाही, ते तुम्हाला येण्यांवरून काढावं लागतं.

आता उरलेला, मोठा भाग: एकूण कॉम्प्युटर उद्योग. इथे संधी खरी आहे आणि आज आहे, पण तिलाही चक्र आहे.

मेमरीचंच घ्या. लॅमिंग्टन रोडवर 2025च्या अखेरीला रॅम घ्यायला गेलेल्यांना भाव ऐकून घाम फुटला असेल. कारण एआयच्या चिपांना लागणाऱ्या वेगवान मेमरीकडे कारखाने वळले आणि साध्या मेमरीची टंचाई झाली. मायक्रॉनने डिसेंबर 2025मध्ये क्रूशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. एसके हायनिक्स, सॅमसंग, मायक्रॉन या तिघांचे नफे फुगले. पण हीच मायक्रॉन 2023च्या आर्थिक वर्षात 5.8 अब्ज डॉलर तोट्यात होती. मेमरीच्या धंद्यात शेअर सगळ्यात स्वस्त वाटतो तो नफ्याच्या शिखरावर, कारण भागिले करायला नफा मोठा असतो. पी/ई, म्हणजे भाव भागिले नफा, पाहून हे शेअर घेऊ नका.

मला जास्त भरवशाची वाटते ती वीज आणि थंडाव्याची बाजू. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यातून गेलात तर जुन्या केमिकल कारखान्यांच्या जागी खिडक्या नसलेल्या इमारती दिसतात. देशाच्या डेटा सेंटर क्षमतेतला जवळपास निम्मा वाटा मुंबई परिसराचा आहे, कारण समुद्राखालच्या केबली इथे उतरतात आणि वीज त्यातल्या त्यात भरवशाची आहे. अ‍ॅमेझॉनने महाराष्ट्रात 2030पर्यंत 8.3 अब्ज डॉलर घालण्याचं जाहीर केलं आहे. 2026च्या अर्थसंकल्पात, भारतातली डेटा सेंटरं वापरून जगाला क्लाउड सेवा देणाऱ्या परदेशी कंपन्यांना 2047पर्यंत करसवलत दिली गेली. अशा इमारतीच्या गच्चीवर आणि तळमजल्यावर जे दिसतं, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, स्विचगिअर, चिलर, डिझेल जनरेटर, केबल, ते बनवणाऱ्या नोंदलेल्या कंपन्या पुण्या-मुंबईत पुष्कळ आहेत. चिप कोणाचीही जिंको, ट्रान्सफॉर्मर लागणारच. एआयची मागणी थंडावली तर ते कारखाने रेल्वेला, मेट्रोला, सौर प्रकल्पांना माल विकतील. धोका एवढाच की बाजाराला हे आधीच कळलेलं आहे आणि भाव चढलेले आहेत. म्हणून एकरकमी नको.

चढलेले भाव किती काळ त्रास देतात याचं उदाहरण सिस्कोचं. इंटरनेट येणार, त्याला राउटर लागणार, ते सिस्को बनवणार; 2000 साली हे तिन्ही अंदाज बरोबर होते. मार्च 2000मध्ये शेअर 80 डॉलरवर गेला. ती पातळी त्याने पुन्हा ओलांडली डिसेंबर 2025मध्ये. पाव शतक. मधल्या काळात कंपनी नफा कमावत राहिली, लाभांश देत राहिली, जगभरचं इंटरनेट तिच्या पेट्यांवरून धावत राहिलं. एनव्हिडियाने ऑक्टोबर 2025मध्ये 5 लाख कोटी डॉलरचं बाजारमूल्य ओलांडलं. तिचं सिस्कोसारखंच होईल असं माझं म्हणणं नाही, कारण तिचा नफा आज खरा आणि प्रचंड आहे. पण एकट्या तिच्यात दहा वर्षांची पुंजी अडकवू नका.

मार्गाबद्दल. भारतात राहून नॅसडॅक 100 या अमेरिकी, तंत्रज्ञानाचं वजन असलेल्या निर्देशांकात पैसे लावायचा सोपा मार्ग म्हणजे इथला ईटीएफ (शेअरसारखा एक्स्चेंजवर विकला जाणारा फंड) किंवा साधा फंड. पण म्युच्युअल फंडांच्या परदेशी गुंतवणुकीवर एकूण 7 अब्ज डॉलरची मर्यादा आहे, त्यामुळे अनेक फंड नवे पैसे घेत नाहीत आणि एक्स्चेंजवरचा ईटीएफ कधीकधी आतल्या मालापेक्षा दहा-पंधरा टक्के महाग मिळतो. खरेदीच्या दिवशी आय-एनएव्ही, म्हणजे आतल्या मालाची त्या क्षणाची किंमत, पाहा. फरक तीन-चार टक्क्यांच्या वर असेल तर थांबा. दुसरा मार्ग एलआरएसचा, म्हणजे स्वतः परदेशात पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेचा: वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. वर्षात 10 लाखांच्या वर पाठवलेल्या रकमेवर 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो. तो रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. तुमची रक्कम दोन आर्थिक वर्षांत विभागलीत तर हा प्रश्नच येणार नाही. परदेशी शेअर 24 महिन्यांनंतर विकला तर नफ्यावर साडेबारा टक्के कर. रिटर्नमधलं परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट भरायला विसरू नका, एक शेअर असला तरी. आणि एक गोष्ट फार थोडे जण सांगतात: अमेरिकेतली मालमत्ता 60,000 डॉलरच्या वर गेली आणि धारकाचा मृत्यू झाला, तर अमेरिका 40 टक्क्यांपर्यंत वारसा कर लावू शकते. दहा वर्षांत तुमची रक्कम तिथवर पोचू शकते. आयर्लंडमध्ये नोंदलेले ईटीएफ घेतले तर हा कर लागत नाही.

मी तुमच्या जागी असतो तर आठ लाख व्यापक तंत्रज्ञान निर्देशांकात दीड-दोन वर्षांच्या हप्त्यांनी घातले असते. साडेतीन लाख वीज, कूलिंग, ट्रान्सफॉर्मरच्या चार-पाच भारतीय कंपन्यांत. दीड लाख अंतराळात, तेही नोंदलेल्या आणि दोन-तीन कंपन्यांत विभागून. दोन लाख लिक्विड फंडात मोकळे, कारण या क्षेत्रात पडझड झाली की चांगला मालही स्वस्त मिळतो आणि तेव्हा हातात पैसे लागतात. 2027मध्ये गूगलचे चाचणी उपग्रह गेले, स्टारशिप भाड्याचा माल नियमित नेऊ लागलं आणि किलोचा भाव खरोखर हजार डॉलरच्या खाली आला, तर अंतराळाचा वाटा वाढवायला वेळ भरपूर आहे. हा बदल एका रात्रीत होणार नाही. भाव जाहीर होतात, दिसतात.

राहिला दलालाचा अनलिस्टेड शेअर. परवानगी नसलेल्या ऑनलाइन मंचांवरून असे व्यवहार करू नका, असं सेबीने डिसेंबर 2024मध्येच बजावलं आहे. तरी मोह होत असेल तर त्याच्याकडे तीन कागद मागा: गेल्या दोन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, कंपनीने शेवटचं भांडवल कोणत्या भावाने आणि कोणाकडून उभारलं त्याची नोंद, आणि शेअर हस्तांतरावर कंपनीच्या नियमावलीत काय बंधनं आहेत ते. तो सांगतोय तो भाव त्या शेवटच्या भावाच्या किती पट आहे ते काढा. आयपीओ आला तरी तुमचे शेअर सहा महिने विकता येणार नाहीत, आणि लिस्टिंगच्या दिवशीचा भाव तोवर टिकेलच असं नाही. कागद द्यायला तो टाळाटाळ करू लागला, तर त्याचा फोन घेणं बंद करा.